जुनं धुराडं आणि बंद स्टोव्ह: एका जुळवणीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात जुनं विटांचं घर घेतलं, की पहिल्या हिवाळ्याच्या आत दोन सल्ले मिळतात. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडं जाळू नका, तिथे बंद दाराचा बिडाचा स्टोव्ह बसवा, हा पहिला. त्याआधी धुराड्यातून स्टीलची नळी सोडून घ्या, हा दुसरा. पहिला लगेच पटतो. दुसरा मात्र कारागिराने बिल फुगवण्यासाठी काढलेली युक्ती वाटतो. शंभर-दीडशे वर्षं अख्ख्या घराचा धूर ज्यातून गेला, ते धुराडं एवढ्याशा स्टोव्हला पुरत नाही म्हणजे काय? खरं तर ते अपुरं नसतं. उलट, गरजेपेक्षा फार मोठं असतं.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये साध्या घरातला जाळ खोलीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. विटांची धुराडी सामान्य घरांत पोचली ती सोळाव्या-सतराव्या शतकात. ती इतकी पसरली, की 1662 साली सरकारने दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. तपासनीस घरात शिरून चुली मोजत. लोकांना ते मुळीच आवडलं नाही आणि 1689 मध्ये कर गेला.

पुढे लाकडाच्या जागी दगडी कोळसा आला. जाळ लहान झाला, धुराचे मार्ग अरुंद झाले आणि चार खोल्यांचे चार मार्ग वळणं घेत एकाच मनोऱ्यात येऊ लागले. ते साफ करायला लहान मुलं आत चढवली जात. 1840 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना धुराड्यात चढायला मनाई केली, पण ती कागदावरच राहिली. 1875 मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून दगावला आणि त्याच वर्षी कडक कायदा झाला. आज नळी सोडणारा कारागीर वळणापाशी अडतो, ते हेच मार्ग.

आतून या मार्गांना गिलावा असे तो चुन्याचा, आणि त्यात बऱ्याचदा गाईचं शेण कालवलेलं. शेणाचं लिंपण ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नव्हे. उष्णतेने आकुंचन-प्रसरण पावताना हा गिलावा सहज तडकत नसे. पण कोळशाच्या धुरातलं गंधक आणि ओलावा मिळून होणाऱ्या आम्लाने तो हळूहळू खाल्ला. दोन मार्गांमधला पडदा जेमतेम अर्ध्या विटेचा. त्यातला चुना झडला, की खालच्या खोलीतला धूर वरच्या खोलीत. बाहेरून पाहणाऱ्याला मनोरा भक्कमच दिसतो.

उघड्या जाळाची बहुतेक उष्णता वर निघून जाते. म्हणून तो वाया घालवणारा, ही तक्रार जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने 1740 च्या दशकात लोखंडी शेगडी काढली. तिच्यात धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात नेला होता, म्हणजे त्याची उष्णता खोलीतच राहावी. हिशेब चोख होता, पण थंडावलेल्या धुराला वर चढायचा जोर राहिला नाही आणि ओढ बसेना. उष्णतेचा अभ्यासक काउंट रम्फर्डने 1790 च्या दशकात वेगळी वाट धरली: आगीची पेटी उथळ, बाजू तिरक्या आणि धुराड्याचा गळा अरुंद. लंडनमधल्या कित्येक फायरप्लेस अशा बदलल्या गेल्या. दोघांत रम्फर्ड जास्त यशस्वी ठरला, कारण त्याने धुराचा ऊबदारपणा धुराला ठेवू दिला.

फ्रँकलिनच्या शेगडीतला तो दोष 1973 च्या तेलटंचाईनंतर हजारो घरांत परतला. तेल महागलं, तशी अमेरिकेत लाकडाच्या स्टोव्हला पुन्हा मागणी आली. 1975 मध्ये व्हरमाँट कास्टिंग्ज ही स्टोव्हची कंपनी सुरू झाली आणि हवाबंद बिडाचे स्टोव्ह घरोघरी गेले. रात्री लाकूड भरायचं, हवा जवळजवळ बंद करायची, सकाळी निखारे शिल्लक. सोय मोठी, पण हवा कमी पडली की लाकूड नीट जळत नाही. अर्धवट जळलेला, बाष्पाने भरलेला धूर सावकाश वर जातो. उघड्या जाळासाठी बांधलेल्या रुंद मार्गात तो आणखी रेंगाळतो, विटांना लागून थंड होतो आणि भिंतींवर काळं, चिकट डांबर साचतं. लाकूड ओलं असेल तर विचारूच नका. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला, की हे डांबर पेट घेतं आणि आतलं तापमान 1,000 अंश सेल्सियसच्या वर जातं. गिलावा झडलेला असेल, तर आच थेट छपराच्या लाकडाला पोचते.

नळीची शिफारस याच अनुभवातून आली. नळीची रुंदी स्टोव्हच्या तोंडाशी (धूर बाहेर पडतो त्या भोकाशी) जुळवली, की धूर वेगाने आणि गरम असतानाच बाहेर पडतो. भोवती व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं खनिज) भरलं, तर आणखी बरं. अमेरिकेतला नियम रुंदीबद्दल स्पष्ट आहे: धुराड्याचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नको, आणि धुराडं बाहेरच्या भिंतीवर उघडं असेल तर दुपटीहून. थंड भिंत धूर लवकर निववते, म्हणून हा फरक.

ब्रिटनमध्ये क्रम वेगळा. लंडनच्या 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला, शहरांत कोळसा मागे पडला आणि असंख्य फायरप्लेस विटांनी बुजवल्या गेल्या. 1965 च्या इमारत नियमांनी नव्या धुराड्यांना आतून अस्तर सक्तीचं केलं, पण जुन्यांचं काय, तो प्रश्न उरला. अलीकडच्या स्टोव्हच्या लाटेत उघडली जाणारी धुराडी बहुतेक यातलीच: बुजवलेली, वर पक्ष्यांनी घरटी केलेली. तिथे नळीआधी झाडणीवाला आणि धुराची चाचणी.

अमेरिकेत 1988 पासून स्टोव्हच्या धुरावर राष्ट्रीय मर्यादा आहे आणि 2020 पासून ती तासाला साधारण 2 ग्रॅम कणांवर आली. स्टोव्ह स्वच्छ जळू लागला, तशी नळीही बारीक चालू लागली. इंग्लंडच्या नियमांत बंद स्टोव्हला 150 मिलीमीटर नळी लागते, पण धूर-नियंत्रण भागात चालणाऱ्या मंजूर स्टोव्हला 125 मिलीमीटरही पुरते. वळणावळणाच्या जुन्या मार्गांत या पंचवीस मिलीमीटरवर काम होणार की भिंत फोडावी लागणार, हे ठरतं.