ओळसमाप्ती चिन्ह

ओळसमाप्ती चिन्ह : संगणकावरील मजकुरात एक ओळ संपून दुसरी सुरू होते हे सांगणारा अदृश्य संकेत. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतावलीत त्यासाठी दोन चिन्हे आहेत. कॅरेज रिटर्न (१३) छपाईचे डोके डाव्या कडेला आणते, लाइन फीड (१०) कागद एक ओळ पुढे सरकवते. विंडोजमध्ये ही जोडी चालते. युनिक्स, लिनक्स व आताच्या मॅकमध्ये एकटे लाइन फीड, तर मॅक ओएस ९ पर्यंत एकटे कॅरेज रिटर्न होते.

एका कामाला दोन चिन्हे का, याविषयी मतभेद आहे. प्रचलित स्पष्टीकरण टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राकडे (१९६३ च्या सुमारास) बोट दाखवते. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी. डोके परत फिरायला एक दशांश सेकंद पुरत नसे, म्हणून मध्ये आणखी एक संकेत घालून उसंत मिळवली, असे म्हणतात. मात्र डोनल्ड मरे यांच्या तारयंत्र संकेतावलीत (सु. १९०१) ही चिन्हे आधीच सुटी आढळतात. तेव्हा यंत्राच्या हालचाली दोन म्हणून चिन्हे दोन, हे मत अधिक ग्राह्य वाटते; उसंत हा नंतरचा लाभ असावा. सुटेपणामुळे त्याच ओळीवर पुन्हा छापून अधोरेखनही साधे. मल्टिक्स या जुन्या संगणक प्रणालीने (१९६४ पासून) केवळ लाइन फीड ठेवले आणि यंत्रागणिक बदल ड्रायव्हरवर (यंत्र हाताळणाऱ्या आज्ञावलीवर) सोपवला; युनिक्सने तीच रीत उचलली. जोडी मात्र डेक या संगणक कंपनीच्या प्रणालींतून सीपी/एम या प्रणालीत व तेथून विंडोजपूर्व डॉसमध्ये (१९८१) आली. विंडोजच्या नोटपॅडला एकटे लाइन फीड २०१८ मध्ये कळू लागले, हे उशिराच म्हणायचे.

छपाईतील दोष : कोल्हापुरात पतसंस्था व दूध संस्थांचे जाळे दाट असल्याने डॉट मॅट्रिक्स आणि कंटिन्युअस पेपर सर्वांच्या परिचयाचे आहेत. लिनक्स सर्व्हरवरून खात्यांची यादी अशा प्रिंटरला कच्ची (ओळसमाप्ती न बदलता) पाठवली, की पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा जिथे थांबतो, तिथूनच खाली दुसरी ओळ सुरू होते. पायऱ्या उतरत मजकूर दोन-चार ओळींत उजव्या कडेबाहेर जातो. उलट, मजकुरात जोडी असून प्रिंटरचा ऑटो लाइन फीडचा (कॅरेज रिटर्नमागे लाइन फीड आपोआप जोडणारा) स्विचही चालू असेल, तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सुटते. दोन्ही वेळा केबल बदलली जाते, व्यर्थ.

पीसीएल ही प्रिंटरची आज्ञाभाषा जाणणाऱ्या प्रिंटरला मजकुरापूर्वी एस्केप, ‘&’, लहान के, २ आणि मोठा जी एवढे पाठवले, की तो लाइन फीडमागे कॅरेज रिटर्न स्वतः जोडतो. नेटवर्कवरून छपाईचे काम पाठवण्याच्या एलपीडी नियमावलीत (१९९०, पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक ५१५) ‘एफ’ प्रकारचे काम मजकूर म्हणून, तर ‘एल’ प्रकारचे नियंत्रणचिन्हांसह जसेच्या तसे छापायचे असते. विंडोजच्या एलपीआर आज्ञेत दुसरा प्रकार वेगळा मागावा लागतो. थेट प्रिंटरच्या पोर्ट ९१०० वर पाठवल्यास काहीच बदलले जात नाही. कप्स ही लिनक्स व मॅकवरील छपाईप्रणाली (१९९९, पोर्ट ६३१) मजकूर गाळण्यांतून नेत असल्याने तेथे पायऱ्या सहसा पडत नाहीत. ‘रॉ’ रांग, म्हणजे गाळण्या वगळून मजकूर तसाच पाठवणारी, हा अपवाद.

देवनागरी : येथे प्रश्न संकेतांचा. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ शब्दात चिन्हे नऊ, म्हणून बाइट सत्तावीस. कोड पेज ४३७ या जुन्या, एका बाइटला एक अक्षर देणाऱ्या तक्त्यावर बेतलेला प्रिंटर ते सुटे छापू लागला, तर दर तिसऱ्या जागी ग्रीक अल्फा उमटतो. युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांतील मजकूर तर मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही. ‘दुसऱ्या’तला र आणखी नाजूक : तो र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असा टंकलेला असेल आणि वाटेत जोडचिन्ह गळले, तर कागदावर ‘दुसर्या’ येते. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दिल्यास अक्षरे व पानांची मोड दोन्ही टिकतात.