ऐकून पियानो वाजवायला ‘जन्मजात कान’ लागतो?

‘सूर ऐकताच त्याचं नाव सांगता येतं, त्यालाच पियानो ऐकून वाजवता येतो’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे. पण चाल ओळखू येते ती सुरांमधल्या अंतरांवरून. ओळखीची आरती आधी खालच्या पट्टीत गुणगुणा, मग वरच्या. सूर बदलले, चाल तीच राहिली ना? (पेटीवाले हे रोजच करतात.)

आता तेच सूर सगळे सारख्या लांबीचे म्हणा. आरती ओळखणं अवघड जातं. म्हणून मी तर म्हणेन, आधी ठेका धरा. वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या पाश्चात्त्य नाचाच्या संगीतात डावा हात पहिल्या मात्रेला खालचा सूर देतो, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन किंवा जास्त सूर. सी, एफ, जी एवढ्या तीन कॉर्डवर बरीच सोपी गाणी बसतात.