फ्राइज मऊ का पडतात? (पाकीट फ्रीझरबाहेर ठेवू नका)

"फ्राइज मऊ पडले, माल जुना होता का?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी छापूनच ठेवलं. माल बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तळायच्या आधी तासभर पाकीट ओट्यावर काढून ठेवलेलं असतं, घोळ तिथे होतो.

फ्रोझन फ्राइज कच्चे नसतात. कारखान्यात काप गरम पाण्यातून काढून, वाळवून, तेलात थोडे तळून मग गोठवतात. म्हणजे पहिला घाणा आधीच झालेला असतो, तुम्ही दुसरा काढायचा. पाकीट बाहेर राहिलं की कापातला बर्फ वितळून पाणी वर पाझरतं, पहिल्या तळणीत आलेला पापुद्रा भिजतो, काप एकमेकांना चिकटतात. असे काप कढईत पडले की तेलाची धग आधी ते पाणी उडवण्यात जाते. कवच धरत नाही आणि फ्राइज तेलकट होतात.

तेव्हा फ्रीझरमधून थेट कढईत. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर एक काप टाकून बघा, लगेच भरभर बुडबुडे आले पाहिजेत. एका वेळी मूठ-दोन मूठच टाका. घाई म्हणून अख्खं पाकीट ओतलं तर तेल थंड पडतं आणि मग पुन्हा आमच्याच नावाने ओरड. तीन-चार मिनिटांत सोनेरी झाले की झाऱ्यावर नीट निथळू द्या. तेल खरं तर काप बाहेर काढल्यावर, गार होताना जास्त मुरतं. मीठ त्यानंतर.

"थेट टाकले की तेल उडतं" म्हणणाऱ्यांसाठी: उडतो तो पाकिटातला सुटा बर्फ. तो झटकून टाका आणि कढई निम्म्याहून जास्त भरू नका. पाकिटात बर्फाचा चुराच चुरा दिसला, तर ते मध्येच कुठेतरी वितळून पुन्हा गोठलंय असं समजा.

म्हणूनच आम्ही पाकीट बिल झाल्यावरच उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढतो. त्यात दोन मिनिटं जातात, काहींची चिडचिडही होते, पण आधीपासून काउंटरवर मांडून ठेवलेलं पाकीट तुम्हालाच नको असेल. घरी नेऊन वितळलेलं पाकीट बदलून देत नाही. ते पुन्हा गोठवूही नका, त्याच दिवशी ओव्हनमध्ये पसरून भाजा.

घरी केलेले चांगले की विकतचे? वेळ असेल तर घरचे. ताज्या बटाट्याची चव वेगळीच, हे फ्रोझन विकत असूनही सांगतो. फक्त बटाटा जुना, पिठूळ घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेला नको, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काप आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतात. बोटाएवढे काप अर्धा तास पाण्यात ठेवा, फडक्याने खडखडीत पुसा, १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं तळून गार होऊ द्या, मग १८५ अंशांवर पुन्हा तळा. पुसण्यात कंजुषी केलीत तर वर सांगितलेलीच गत.

पाहुणे दारात असताना हा खटाटोप कोण करणार? त्यासाठी पाकीट फ्रीझरमध्ये असू द्या. आमच्याकडे बारीक आणि जाड असे दोन्ही काप मिळतात. जाड कापाला मिनिटभर जास्त द्या.