ज्याला छळलं तोच पुढे छळाची बाजू का घेतो?

रॅगिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमचंही झालं होतं, काही बिघडलं नाही. उलट त्यामुळेच आमचा ग्रुप इतका घट्ट झाला.’ बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पण हे मनापासून वाटणं पुरावा म्हणून का चालत नाही, याचं उत्तर सामाजिक मानसशास्त्राकडे गेली साठ-पासष्ट वर्षं आहे. खेळाचा संघ असो, नाटकाचा ग्रुप असो की वसतिगृहातला एखादा मजला, नवख्यांना ‘तावून सुलाखून’ घेण्याची प्रथा जिथे जिथे आहे तिथे हे उत्तर माहीत असायला हवं.

१९५९ साली इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. लैंगिकतेच्या मानसशास्त्रावर गप्पा मारणाऱ्या एका गटात यायला तयार असलेल्या ६३ कॉलेज विद्यार्थिनींची त्यांनी कसलाही निकष न लावता तीन भागांत वाटणी केली. पहिल्या भागातल्या मुलींना गटात येण्याआधी ‘परीक्षा’ होती. समोर बसलेल्या संशोधकाला बारा अश्लील शब्द आणि कादंबऱ्यांतली दोन उघड वर्णनं मोठ्याने वाचून दाखवायची. त्या काळात, परक्या पुरुषासमोर! दुसऱ्या भागातल्या मुलींना पाच सौम्य शब्द वाचायचे होते आणि तिसऱ्या भागाला परीक्षाच नव्हती.

मग प्रत्येकीच्या कानाला हेडफोन लावून सांगितलं गेलं की गटाची चर्चा चालू आहे, आज फक्त ऐका. प्रत्यक्षात ते मुद्दाम कंटाळवाणं केलेलं ध्वनिमुद्रण होतं. प्राण्यांच्या लैंगिक वर्तनाबद्दल काही जण अडखळत बोलताहेत, वाक्यं अर्धवट सोडताहेत, स्वतःचंच म्हणणं खोडून काढताहेत. शेवटी या चर्चेला आणि त्या माणसांना गुण द्यायला सांगितलं. सौम्य परीक्षा दिलेल्या आणि परीक्षाच न दिलेल्या मुलींनी यथातथा गुण दिले. ज्यांनी लाजेने चूर होऊन ते शब्द वाचले होते, त्यांना मात्र तीच चर्चा बरीच रंजक आणि तीच माणसं बरीच आवडण्याजोगी वाटली.

याचं स्पष्टीकरण लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली मांडलेल्या ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ म्हणजे मानसिक विसंगतीच्या सिद्धान्तात आहे. ‘मी शहाणी मुलगी आहे’ आणि ‘मी या टाकाऊ गटासाठी एवढी मानहानी सोसली’ या दोन गोष्टी मनात एकत्र नांदू शकत नाहीत. सोसलेलं तर आता पुसता येत नाही. मग बदलण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गटाबद्दलचं मत. गट भारी आहे असं ठरलं की सोसलेलं सार्थकी लागतं. हे सगळं आपल्या नकळत होतं.

यावर आक्षेप असा आला की अश्लील वाचनाने मुली उत्तेजित झाल्या असतील, म्हणून त्यांना चर्चा आवडली. हॅरल्ड जेरार्ड आणि ग्रोव्हर मॅथ्यूसन यांनी १९६६ साली शब्दांऐवजी विजेचे सौम्य किंवा तीव्र धक्के वापरले. काहींना हे धक्के म्हणजे गटात येण्याची चाचणी असल्याचं सांगितलं, तर काहींना तो एक वेगळाच, गटाशी संबंध नसलेला प्रयोग असल्याचं. धक्के दोन्हीकडे सारखेच. पण तीव्र धक्का बसल्यावर गट अधिक आवडला तो फक्त चाचणी म्हणून धक्के घेतलेल्यांना. म्हणजे जादू वेदनेत नाही. ‘मी हे अमुक गोष्टीसाठी सोसलं’ या हिशेबात आहे.

या यंत्रणेला एक इंधन लागतं: हे आपण आपणहून केलं, ही भावना. बंदूक रोखून करवून घेतलेल्या गोष्टीचं समर्थन मनाला करावं लागत नाही. म्हणून ‘नको असेल तर जा, दार उघडं आहे’ हे सीनियरचं वाक्य दिसतं तितकं साधं नाही. दाराबाहेर एकटेपणा आहे हे नवख्याला माहीत असतं, तरी थांबला की निर्णय ‘त्याचा’ ठरतो. सुरुवातही चहा आणून देणं, वही पूर्ण करून देणं अशा किरकोळ कामांनी होते. प्रत्येक होकार पुढच्या होकाराची वाट मोकळी करतो. वर्षभराने तोच मुलगा सीनियर होतो आणि प्रथा बंद करायची वेळ आली तर सर्वांत आधी तोच विरोध करतो, कारण प्रथा निरर्थक ठरली तर त्याचं सोसणंही निरर्थक ठरतं.

पण मग एकी तरी खरोखर वाढते का? प्रयोगशाळेतला परिणाम फक्त तासाभराचा होता. २०२२ साली अल्डो सिमिनो आणि बेंजामिन थॉमस यांनी एका अमेरिकन फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या मंडळात, नव्याने येणाऱ्या मुलांच्या अनेक तुकड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. छळाची तीव्रता वाढली म्हणून एकोपा वाढला, याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. सध्या ‘एकत्र त्रास सोसला की ऑक्सिटोसिन (जवळीक वाढवणारं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक) वाढतं आणि टीम बनते’ अशी वाक्यं प्रेरणादायी भाषणांतून फिरत असतात. ‘टक्केटोणपे खाल्ले की माणूस घडतो’ या जुन्या समजुतीवर चढवलेला हा विज्ञानाचा मुलामा आहे. एकत्र वेदना सोसलेली अनोळखी माणसं एकमेकांना थोडं जास्त सहकार्य करतात, असं ब्रॉक बॅस्टियन यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, हे खरं. पण तिथे बर्फाच्या पाण्यात सगळ्यांनीच हात बुडवले होते, काठावर उभं राहून हुकूम सोडणारं कुणी नव्हतं.

रॅगिंग ओळखायचं असेल तर या सगळ्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. एलिझाबेथ अ‍ॅलन आणि मेरी मॅडन यांनी २००८ साली अमेरिकेतल्या ५३ महाविद्यालयांतल्या अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या बाबतीत असे प्रकार घडले होते त्यांपैकी दहातले नऊ जण ‘माझं रॅगिंग झालं’ असं मानतच नव्हते. त्यामुळे ‘तुला त्रास झाला का?’ हा प्रश्न कुचकामी आहे. काय घडलं ते विचारा. रात्री किती वाजता झोपलास? फोन कुणाकडे होता? कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं का? हेच काम सीनियरही तुमच्याबरोबर करत होते का? नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? शिक्षकांसमोर आणि आईवडिलांसमोर हे केलं असतं का? उत्तरं ऐकून तिऱ्हाइताने ठरवावं.

शरीर मात्र मनासारखी समजूत काढून घेत नाही. शेकडो बैठका मारायला लावल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लघवी चहासारखी गडद होणं ही धोक्याची खूण. थोड्या वेळात बळजबरीने खूप पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज येते. दारूचं तर विशेष लक्षात ठेवायला हवं. माणूस बेशुद्ध पडला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडलेल्याचा श्वास त्यानंतरही मंदावू शकतो, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. कॉफी आणि थंड पाण्याचा काही उपयोग नाही.

एवढं दिसत असताना खोलीतले बाकीचे गप्प का राहतात? बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली एका खोलीत हळूहळू धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. शेजारी दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा फक्त १० टक्के. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा पाहून ‘काही विशेष नसावं’ असं ठरवत होता. रॅगिंगच्या खोलीतही असंच होतं. अनेकांना ते नकोसं वाटत असतं, पण आपण एकटेच असे आहोत असा प्रत्येकाचा ग्रह असतो.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला गटातल्या सगळ्यांकडून, सीनियरांकडूनसुद्धा, ‘ही प्रथा तुम्हाला हवी आहे का?’ याचं उत्तर निनावी चिठ्ठीवर घ्यावं आणि आकडा सर्वांना वाचून दाखवावा. नवख्यांचं स्वागत अवघडच हवं असेल तर सीनियरांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उपसायचं एखादं काम निवडावं. आणि रुग्णवाहिका बोलावणाऱ्यावर, तो स्वतः प्यायलेला असला तरी, पिण्याबद्दल कारवाई होणार नाही, हे महाविद्यालयाने पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करावं. रात्री दोन वाजता हातात फोन घेतलेल्या मुलाला तो नियम आधीच ठाऊक असायला हवा.