खुब्याचे हाड बसवले, पुढचे कोणी पाहायचे?

म्हातारपणी पडून हाड मोडले की खानदेशात आधी हाडवैद्य गाठला जाई. मनगटाचे हाड कामट्या बांधून जुळायचे. खुब्याचे जुळत नसे, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो आणि हाड सरकले की तोही तुटतो. माणूस खाटेला खिळायचा. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ भरायचा आणि काही महिन्यांत सगळे संपायचे. लोक म्हणत, वयाने गेले. पडणे हे कारण कुठल्याच कागदावर येत नसे.

हाडांच्या ठिसूळपणाची मोजता येणारी व्याख्या 1994 मध्ये ठरली: टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांच्या घनतेशी तुलना करून येणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली. त्याच दशकाच्या शेवटी ग्लासगोमध्ये एक साधी पद्धत बसवली गेली. पन्नाशीपुढचा हाड मोडलेला प्रत्येक रुग्ण एका परिचारिकेच्या यादीत यायचा. ती हाडांची घनता तपासून घ्यायची, औषधाचे पाहायची आणि घरच्या डॉक्टरला कळवायची. आपल्याकडे 2010-11 पासून वृद्ध आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणी अशी आखणी होती. खाटा मोजल्या गेल्या, पण यादी सांभाळणारे माणूस त्यात नव्हते.

खानदेशात मोठा बदल झाला तो 2 जुलै 2012 ला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. जळगाव, नंदुरबारसह उरलेले जिल्हे नोव्हेंबर 2013 मध्ये आले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि हाडांच्या शस्त्रक्रियाही त्यात होत्या. शेत गहाण न टाकता आजीचे ऑपरेशन होऊ लागले, हे श्रेय योजनेला दिलेच पाहिजे.

वाद आहे तो एका कलमाचा. सुटी मिळाल्यानंतरची देखभाल 10 दिवसांपुरती धरली गेली. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडले तर टाके काढायची वेळ आणि मुदत संपायची वेळ एकच येते. पुढचे हाड मोडू नये म्हणून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड मात्र दोन आठवड्यांनंतर दिलेले बरे. 5 मिलिग्रॅम, शिरेतून, किमान 15 मिनिटांत, वर्षातून एकदा. त्याआधी ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावे लागते, नाहीतर रक्तातले कॅल्शियम घसरते. मूत्रपिंडाचे काम पाहावे लागते. मूत्रपिंड रक्त किती गाळते हे सांगणारा आकडा, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, 35 च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. म्हणजे खरे काम सुरू व्हायचे तेव्हाच फाइल बंद. मुदत ठरवणाऱ्यांनी जखम भरण्याचा हिशेब केला, हाड भरण्याचा केला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती पोकळी भरली ‘ड’ जीवनसत्त्वाच्या सहा लाख युनिटच्या इंजेक्शनने. घरी जाताना एक टोचले की हाडांचा उपचार झाला, अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिले, तेव्हा त्यांचे पडणेही वाढले आणि हाडे मोडणेही. त्यापेक्षा कमतरता असेल तर 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, हे सुरक्षित. इथेही घोटाळा होतो. हाडांचा डॉक्टर, गावचा डॉक्टर आणि मेडिकलवाला तिघे वेगवेगळ्या नावांनी तीच पुडी देतात, आणि कोणी ती रोज घेत बसतो. सगळी औषधे एका कागदावर लिहिली असती तर हे टळले असते.

तोच कागद मे महिन्यातही लागतो. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. बीपीसाठी लघवीची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि झोपेची गोळी चालू असलेला माणूस पहाटे मोरीकडे जायला उठतो आणि उंबरठ्यापाशीच कोसळतो. पाच मिनिटे आडवे ठेवून बीपी घ्यावे, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरने गोळ्यांचा फेरविचार करायचा. रुग्णाने मनाने गोळी बंद करू नये.

आयुष्मान योजनेत सुटीनंतरची मुदत 15 दिवसांची आहे आणि ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. बाह्यरुग्ण तपासणी मात्र तिच्यात बसत नाही. आशाताई भरतात त्या तपासणी अर्जात साठीपुढच्यांना उभे राहताना, चालताना तोल जातो का, असा प्रश्न आहे. ‘हो’ आले तर उपकेंद्रातच खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवावे, वळवून परत बसवावे. 12 सेकंदांहून जास्त लागले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी द्यावी, आणि ती कोणाच्या हाती पोचली याची खूण पुढच्या महिन्याच्या रजिस्टरात असावी.