शूर नदीच्या दोन वाटा: वॉटरफर्ड ग्रीनवे आणि शूर ब्लूवे

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळींत उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. "वॉटरफर्डचा ग्रीनवे झाला. तोच पुढे टिपरेरीत जातो ना, तो ब्लूवे?" नाही. त्या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकमेकींना जोडलेल्याही नाहीत. गोंधळ होणं मात्र साहजिक आहे. दोन्ही आग्नेय आयर्लंडात, दोन्ही शूर नदीच्या खोऱ्यात. (स्पेलिंग बघून 'सुइर' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार आपल्या 'शूर'सारखाच.) दोन्हीकडून कमेरा डोंगर दिसतात, दोन्हीकडे मोटारींना मज्जाव आहे आणि दोन्ही वाटा जवळजवळ सपाट आहेत.

पण त्या सपाट का आहेत, याचं उत्तर दोघींचं वेगळं आहे, आणि ते कळलं की बाकीचे फरक आपोआप उलगडतात. ग्रीनवे म्हणजे जुना लोहमार्ग. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून माणसांनी डोंगर पोखरले, खळग्यांत भराव घातले, दऱ्यांवर कमानी बांधल्या आणि वाट सपाट केली. ब्लूवेची वाट नदीला अगदी लागून आहे. तिथे पाण्यानेच जमीन सपाट करून ठेवली होती. माणसाने त्यावरून फक्त घोडे चालवले.

आधी ग्रीनवे. वॉटरफर्ड ते डंगार्वन ४६ किलोमीटर, संपूर्ण वाट २०१७ च्या मार्चमध्ये खुली झाली. हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. प्रवासी गाड्या १९६७ मध्ये थांबल्या, आणि बॅलिनाकोर्टीच्या मॅग्नेसाइट कारखान्याची मालवाहतूक १९८२ पर्यंत रडतखडत चालली. मग रुळांवर झुडपं वाढली. आज त्याच जागी रुंद, गुळगुळीत डांबरी वाट आहे. तिच्यावर अकरा पूल, कमानींचे तीन उंच पूल आणि सुमारे चारशे मीटरचा एक बोगदा आहे.

नावांचा घोळ होतो तो पहिल्या टप्प्यामुळे. वॉटरफर्डहून निघालात की किलमेडनपर्यंत शूर नदी तुमच्या जवळूनच वाहते, माउंट कॉन्ग्रीव्हची प्रसिद्ध बाग वाटेला लागून येते, आणि शेजारच्या अरुंद रुळांवरून हौशी लोकांनी जपलेली छोटी गाडी धावते. डब्यातली मुलं सायकलवाल्यांना हात करतात. माथेरानच्या गाडीतून हात केलेले दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत. एवढं सगळं नदीकाठी पाहिल्यावर माणसाला वाटतं, पुढेही असंच. पण किलमेडननंतर वाट नदीचा हात सोडते आणि कमेरा डोंगर आणि समुद्र यांच्या मधून नैर्ऋत्येला जाते. किलमॅकथॉमसला ती आठ कमानींच्या पुलावरून महॉन नदी ओलांडते. खाली गाव आहे आणि त्याच गावात दोनशेहून अधिक वर्षं चालू असलेली फ्लॅहॅवनची ओट्सची गिरणी. सकाळी डब्लिनमध्ये आपण जे ओट्स शिजवतो, ते कुठून येतात ते पुलावरून दिसतं.

बॅलीव्हॉइलचा पूल १९२२ मध्ये, आयर्लंडच्या यादवी युद्धात, सुरुंगाने उडवला गेला आणि १९२४ मध्ये पुन्हा बांधला. आज ज्या पुलावरून आपण मजेत घंटी वाजवत जातो, तो दुसऱ्यांदा उभा केलेला आहे. त्याच्या अलीकडे, वॉटरफर्डच्या बाजूला, बोगदा. खंडाळ्याचे बोगदे गाडीतून पाहिलेल्या माणसाला चारशे मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण बोगदा सायकलवरून वेगळाच कळतो. तोंडाशी दोन्ही बाजूंना खोदलेली उंच खिंड, तिच्यावर नेचे आणि शेवाळं, इतकं हिरवं की हवेलाही रंग आल्यासारखा वाटतो. आत शिरलात की अंगावरचा घाम क्षणात थंड होतो. छतावरून एखादा थेंब मानेवर पडतो. दिवे आहेत, तरी चष्म्यावर वाफ धरते. माझ्या लेकीने तिथे "ओ" म्हणून हाक दिली आणि पलीकडून येणाऱ्या अनोळखी आजोबांनी तिला तितक्याच उत्साहाने "ओ" दिली. बोगद्यानंतर थोडं पुढे गेलं की डंगार्वनचा उपसागर उघडा होतो. ४६ किलोमीटरांतली माझी सगळ्यात लाडकी जागा तीच.

आता ब्लूवे. आयर्लंडमध्ये ब्लूवे म्हणजे मुळात पाण्याची वाट. कयाक, कनू, पॅडलबोर्ड यांसाठी नेमून दिलेला पाण्याचा पट्टा, आणि जिथे काठ सोयीचा असेल तिथे सोबत चालण्याची आणि सायकलची वाट. म्हणजे नदीकाठच्या ग्रीनवेला दिलेलं दुसरं नाव नव्हे. शूर ब्लूवेवर सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. त्याची लांबी ५३ किलोमीटर वाचायला मिळते, केअरपासून कॅरिक-ऑन-शूरपर्यंत. ती पाण्यावरची लांबी आहे. सायकलने जाता येतं ते फक्त क्लॉनमेल ते कॅरिक, २१ किलोमीटर. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब चार सायकली गाडीला बांधून केअरला पोहोचलं होतं. किल्ला पाहिला, बदकांना न्याहाळलं आणि वाट शोधत बसले. चूक त्यांची नव्हती. आकडा एकच दिसतो, तो कुणासाठी आहे हे नीट वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे दोन आकडे पाठच करा: होडीला ५३, सायकलला २१.

ही २१ किलोमीटरची वाट कुठून आली? समुद्राची भरती शूर नदीतून कॅरिकपर्यंत चढते. त्याच्या वर नदी उथळ आणि वेगवान होते. त्यामुळे क्लॉनमेलकडे जाणारा माल कॅरिकला सपाट बुडाच्या होड्यांत चढवत आणि काठावरून घोड्यांचे ताफे दोरांनी त्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. परतताना क्लॉनमेलच्या गिरण्यांचं धान्य आणि पीठ प्रवाहाबरोबर खाली येई. मोटारी आणि रेल्वे आल्यावर हे सगळं थांबलं. राहिली ती घोड्यांनी मळलेली काठवाट, आणि तिच्यावरूनच आता आपण जातो.

म्हणून तिचा स्वभाव वेगळा. ग्रीनवेवर तुम्ही बऱ्याचदा आजूबाजूच्या जगाच्या वरून जाता, भरावावरून, पुलावरून. इथे पाणी चाकापासून हातभर अंतरावर असतं. नदी वळली की तुम्ही वळता. उत्तरेला ७२१ मीटर उंचीचा स्लीव्हनमॉन, म्हणजे 'बायकांचा डोंगर', एकटाच उभा. दक्षिणेला कमेराची रांग. दर वळणावर त्यांच्या जागा बदलतात. साधारण मध्यावर किलशीलन हे नेटकं गाव लागतं. तिथे थांबलंच पाहिजे असं माझं मत आहे, कारण पुलाजवळ कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर फेकणारा मासेमार पाहण्यासारखी शांत गोष्ट दुसरी नाही. याच नदीत १८७४ मध्ये ५७ पौंडांचा सामन (सॅल्मन) मासा गळाला लागला होता. गळाने पकडलेला आयर्लंडमधला सर्वांत मोठा सामन आजही तोच.

पाण्याला इतकं लागून असण्याची किंमतही आहे. शूरला पूर येतो. एका फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा कुंपणाच्या झुडपांत माझ्या खांद्याच्या उंचीवर गवताचे वाळके पुंजके अडकले होते. तिथवर पाणी आलं होतं! वाटेवर बारीक गाळ, टायर सरकत होता. ब्लूवे सगळीकडे ग्रीनवेसारखा डांबरी नाही, काही भाग दाबून बसवलेल्या खडीचा आहे. त्यामुळे मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवस जाऊ नका, आणि अगदी अरुंद टायरची रेसिंग सायकल नेऊ नका. ग्रीनवेला पावसाचं एवढं कौतुक नाही, तिथे फक्त आपण भिजतो.

मग कुणी कुठे जावं? पुण्याहून आई-बाबा आलेत, मुलं लहान आहेत, मधेमधे कॉफी आणि स्वच्छतागृह हवं, थकलं की परतीची सोय हवी, तर ग्रीनवे. सायकली भाड्याने वॉटरफर्ड, किलमॅकथॉमस, डंगार्वन अशा तिन्ही ठिकाणी मिळतात आणि किलमॅकथॉमसहून अर्धाच टप्पा करता येतो. गर्दी नको, बोलणं कमी आणि पाणी जास्त हवं, तर ब्लूवे. एकच करता येणार असेल तर मी नवख्याला ग्रीनवेला पाठवेन. पण मला स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावते ती घोड्यांची वाट.

दोन्ही एका मुक्कामात जमतात, फक्त त्या जोडून सायकलवर करायचा हट्ट नको. किलमेडन आणि कॅरिक यांच्यामध्ये मोटारींचा रस्ताच आहे, आणि मुलांना घेऊन त्यावरून जायला मी तयार होणार नाही. वॉटरफर्डहून कॅरिक आणि क्लॉनमेलला रेल्वे जाते. गाड्या मोजक्याच, म्हणून वेळापत्रक बघूनच दिवस आखा. आणि वारा विसरू नका. इथे तो बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. म्हणून पहिल्या दिवशी डंगार्वनहून निघून वॉटरफर्डला यावं, दुसऱ्या दिवशी गाडीने क्लॉनमेल गाठावं आणि नदीबरोबर खाली कॅरिकला उतरावं. दोन्ही दिवस वारा पाठीशी राहतो.

कॅरिकला पोहोचल्यावर सायकल लावायची ती शॉन केलीच्या नावाच्या चौकात. १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षं पॅरिस-नीस ही सायकल शर्यत जिंकणारा हा सायकलपटू याच परिसरातल्या शेतावर वाढला. टूर द फ्रान्समध्ये गुणांत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी हिरवी जर्सी त्याने चारदा मिळवली, आणि २०२० मध्ये ती पुन्हा या गावात आली, इथेच वाढलेल्या सॅम बेनेटकडे. चौकातल्या बाकावर बसून आम्ही डब्यातली थालीपिठं खाल्ली, तेव्हा शेजारच्या आजींनी आमच्या मुलीला विचारलं, "क्लॉनमेलहून आलीस? पूर्ण?" तिने मान डोलावली. आजींनी उठून तिच्याशी हस्तांदोलन केलं.