चाकाच्या आकाराची मूठ

परवा आईने एका वेबसाइटवर लांबलचक अर्ज भरला. पाऊण तास खपून शेवटच्या रकान्यापर्यंत पोचली आणि ‘सबमिट’ऐवजी शेजारचं ‘रीसेट’ दाबलं गेलं. दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच निळ्या रंगाची, मध्ये जेमतेम रेघेएवढी फट. अर्ज कोरा. “मलाच नाही जमत बाई हे,” म्हणत तिने चष्मा काढून ठेवला.

ते वाक्य मला फार लागलं. कारण ते खरं नाही, आणि खरं नसल्याचं ऐंशी वर्षांपूर्वीच दिसून आलंय, तेही विमानाच्या कॉकपिटमध्ये.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही अवजड बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर असतानाच त्यांची चाकं आत ओढली जायची. विमान पोटावर आपटायचं. चौकशीतला शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. आल्फोन्स शॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना सोडून कॉकपिट तपासलं. चाकं आत घेणारा खटका आणि पंखांचे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली येणाऱ्या झडपा, मिटणारा खटका शेजारी शेजारी होते, डोळ्यांना आणि हाताला अगदी सारखे. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असतात. थकलेला हात शेजारच्या खटक्यावर जायचा. सी-४७ या मालवाहू विमानात या दोन्हींची रचना वेगळी होती आणि तिथे हा घोळ होत नव्हता. मग एका मुठीला रबरी चाक बसवलं, दुसरीला पंखासारखी पाचर. न बघताही बोटांना फरक कळू लागला. प्रवासी विमानांच्या नियमांत मुठींचे हे आकार आजही घालून दिलेले आहेत.

१९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांच्या नावावर मांडलेल्या अशा ४६० चुका तपासल्या. त्यातल्या सुमारे निम्म्या एकाच जातीच्या होत्या: हवा होता एक खटका, हाताळला गेला दुसरा.

याच फिट्सने पुढे, १९५४ साली, माणसांना दोन पट्ट्यांवर आळीपाळीने कांडी टेकवायला लावली आणि वेळ मोजला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका वेळ जास्त, हे कुणीही सांगेल. गंमत हिशेबात आहे. अंतर दुप्पट केलं की वेळ दुप्पट होत नाही, त्यात ठरावीक भर पडते. अंतर आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर वेळ जवळपास तेवढाच राहतो. हात आधी एक मोठी झेप घेतो, मग नजरेच्या मदतीने बारीक दुरुस्त्या करत लक्ष्यावर येतो. सुईत दोरा ओवताना बहुतेक वेळ या दुरुस्त्यांतच जातो. १९७८ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की माउसही याच नियमाने चालतो.

मोबाइलवर अडचण वाढते. बोटाचं टोक रुंद असतं आणि दाबायच्या क्षणी ते बटणच झाकून टाकतं. म्हणून अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस साधारण ९ मिलिमीटरच्या चौकोनाची आहे, आणि वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेल्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान २४ पिक्सेलचं माप दिलंय. बटण त्याहून लहान असेल तर भोवती मोकळी जागा हवी.

पण नुसतं मोठं करून भागत नाही. आईची दोन्ही बटणं चांगली ठसठशीत होती. चुकलं ते शेजारपण आणि सारखेपण, बी-१७मध्ये चुकलं होतं तेच. ‘रीसेट’ मुळात तिथे कशाला हवं? अख्खा अर्ज पुसून नव्याने भरायची हौस कुणाला असते? ठेवायचंच असेल तर लांब, फिक्या रंगात, साध्या अक्षरांत ठेवावं. आणि ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं विचारणं हा उपाय मला कच्चा वाटतो. तो प्रश्न दहादा समोर आला की अकराव्यांदा कुणी वाचत नाही, हात सवयीने ‘हो’वर जातो. त्यापेक्षा पुसलेलं परत आणायची सोय द्यावी.

रात्री आई पुन्हा अर्जाला बसली. मी शेजारी वही घेऊन, मुद्दाम काही न सांगता, फक्त तिचं बोट बघत होते. शेवटच्या पानावर ते दोन बटणांच्या वर थबकलं. तिने मान पुढे करून दोन्ही नावं मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि श्वास रोखून ‘सबमिट’ दाबलं.